अतिरिक्त पदभार

पंचायत समितीत आलेला माणूस बीडीओंना भेटायला आलेला असतो. नाहीतर तो सभापतींच्या केबिनबाहेर थांबतो, फार तर बांधकामाच्या इंजिनिअरला गाठतो. विस्तार अधिकाऱ्याच्या टेबलापाशी तो वळतो ते साहेब कधी येणार एवढं विचारायला. पंचायत विभागाचा विस्तार अधिकारी म्हणून मी जालना जिल्ह्यात नोकरी केली आणि तिथूनच निवृत्त झालो, त्यामुळे या प्रश्नाचं उत्तर मला झोपेतही देता येतं: साहेब व्हीसीत आहेत. पण कोणत्या गावाला कोणता ग्रामसेवक, रिकाम्या गावाचा कारभार कुणाच्या गळ्यात घालायचा, कोणत्या वस्तीला टँकरच्या किती खेपा, मार्चअखेर उरलेले पैसे कशावर टाकायचे, या सगळ्याची पहिली टिप्पणी माझ्यासारखाच कुणीतरी लिहितो. साहेब खाली सही करतात, आणि बहुतेक वेळा एकही शब्द न बदलता करतात. इतके साहेब आले नि गेले, पण टिप्पणीची भाषा माझीच राहिली. म्हणून पुढे जे सांगतो आहे त्यात ‘वरून आदेश होते’ हे वाक्य कुठे येणार नाही. वरून आदेश असायचे ते मोघम. त्यांचा अर्थ मी लावायचो.

तालुक्याचं नाव सांगत नाही. १ मे १९८१ ला औरंगाबाद आणि परभणीतून गावं काढून हा जिल्हा झाला, तालुके आठच. जाणकाराला अंदाज येईल, येऊ दे. त्या वेळचे अधिकारी, सदस्य, सरपंच यांना मात्र यात ओढायचं नाही.

आधी रिक्त पदांचं. बाहेरच्यांना वाटतं, पद रिकामं म्हणजे खुर्ची रिकामी. आमच्याकडे खुर्ची कधीच रिकामी नसते, तिच्यावर कुणाचा तरी ‘अतिरिक्त पदभार’ असतो. ग्रामसेवक निवृत्त झाला, निलंबित झाला, आंतरजिल्हा बदलीने गेला, की शेजारच्या ग्रामसेवकाला आदेश निघतो. नवी भरती व्हायची तर आधी बिंदुनामावली तपासून घ्यावी लागते, आणि आमच्या त्या दहा-बारा वर्षांत आरक्षणाचे आकडे इतक्यांदा बदलले की एक नोंदवही पुरी होईपर्यंत तिची पानं जुनी व्हायची. २०१९ च्या मार्चमध्ये जिल्हा परिषदांच्या भरतीची जाहिरात निघाली, पोरांनी फी भरून अर्ज केले. मग करोना आला, मे २०२० मध्ये वित्त विभागाने नव्या भरतीवर बंदी घातली, आणि ती जाहिरात शेवटी रद्दच झाली. पुढची मोठी भरती निघाली ती ऑगस्ट २०२३ मध्ये, राज्यभरात १९,४६० पदांची. त्याच दिवसांत आमच्या जिल्ह्यातलं अंतरवाली सराटी मराठा आरक्षणाच्या आंदोलनामुळे साऱ्या देशाला माहीत झालं. नोकरीसाठी रस्त्यावर उतरलेली पोरं टीव्हीवर बघताना मला माझ्याच हातची त्रैमासिक माहिती आठवायची: मंजूर पदं, भरलेली पदं, रिक्त पदं. तिसरा रकाना आम्ही इतक्या सराईतपणे भरून पाठवत होतो की तो कमी करायचा असतो हेच कुणाच्या डोक्यात नव्हतं.

आता माझ्या चुका. पहिली टँकरची.

२०१२ चा पावसाळा कोरडा गेला. २०१३ च्या उन्हाळ्यात जालना शहरातच नळाला पंधरा-पंधरा दिवस पाणी नव्हतं. मोसंबीच्या उभ्या बागा लोकांनी तोडून सरपणाला विकल्या. खेड्यांचं तर विचारूच नका. टंचाईच्या काळात टँकरचं गणित माणशी रोज २० लिटरवर चालतं. गावात दीड हजार माणसं असतील तर ३० हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरच्या टँकरच्या तीन खेपा. ग्रामपंचायतीने ठराव द्यायचा, पंचायत समिती आणि तहसील यांनी मिळून संयुक्त पाहणी करायची, जवळ अधिग्रहणाला खासगी विहीर नाही याची खात्री करायची, मग प्रस्ताव मंजुरीला जायचा.

एका तांड्याच्या पाहणीला मी जानेवारीत गेलो. अर्ध्याहून जास्त घरांना कुलपं. दिवाळीनंतर माणसं कोयत्याला गेली होती, कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी कर्नाटकात. मागे उरलेली म्हातारी-कोतारी आणि शाळेसाठी त्यांच्याजवळ ठेवलेली पोरं. जनगणनेचा आकडा धरला तर तांड्याला दोन खेपा बसत होत्या. मी पाहणी अहवालात लिहिलं, ‘प्रत्यक्ष हजर लोकसंख्या विचारात घेता एक खेप पुरेशी.’ या वाक्याचं मला तेव्हा कौतुक वाटलं होतं. सरकारचा पैसा वाचवणारा, जागेवर जाऊन बघणारा अधिकारी मीच! शिवाय दर आठवड्याच्या आढाव्यात ज्या तालुक्याचे टँकर कमी त्याचं नाव घेतलं जायचं, आणि ते आपलं असावं असं मला वाटायचं. दुष्काळात टँकर कमी असणं याचा अर्थ पाणी जास्त आहे असा होत नाही, एवढं साधं गणित त्या बैठकीत कुणी मांडत नव्हतं. मीही नाही.

त्या वर्षी उसाला पाणीच नव्हतं, त्यामुळे कारखान्यांचे पट्टे लवकर पडले. माणसं परतली, बैलांसकट परतली. खेप एकच. टँकर विहिरीत रिता व्हायचा, आणि तो अर्धा व्हायच्या आत विहिरीच्या काठावर दोरांची गर्दी. खेपा वाढवायच्या तर नवा ठराव, नवी पाहणी, नवा प्रस्ताव. तो कागद फिरत असताना एका सकाळी तांड्यावर पाण्यावरून मारामारी झाली. दोन्ही बाजूंची डोकी फुटली, दोन्ही बाजूंनी गुन्हे दाखल झाले. मी दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा टँकरच्या चालकाने लॉगबुक पुढे केलं: खेपेच्या सहीच्या रकान्यात त्या दिवशी शाळेतल्या एका पोराची सही होती, कारण सही करणारी मोठी माणसं सगळी पोलीस ठाण्यात होती. दुष्काळ जूनमधल्या पावसाने संपला. ते खटले मात्र पुढे कित्येक वर्षं तारखा घेत राहिले. एका तारखेला तांड्यातला एक जण मला कोर्टाच्या आवारात भेटला, नेहमीसारखा राम राम केला. माझ्या अहवालातलं ते वाक्य त्याला माहीत असण्याचं काही कारणच नव्हतं.

मार्चअखेरचं फार सांगण्यासारखं नाही, कारण ती चूक एकट्याची नव्हती आणि साऱ्या राज्यात दरसाल होते. एके वर्षी सेसमधले काही पैसे उरले होते. परत गेले तर पुढच्या वर्षी तरतूद कमी होणार, ही भीती. त्याच वेळी हातपंप दुरुस्तीच्या पथकाची गाडी टायर नसल्यामुळे उभी होती, आणि हे मला ठाऊक होतं. पण गाडीचा खर्च वेगळ्या लेखाशीर्षात, तिकडे पैसे वळवायचे तर पुनर्विनियोजनाचा प्रस्ताव वेळेत करायला हवा होता. मी तो केला नव्हता. फेब्रुवारी माझा लग्नसराईत आणि घरकुलाच्या याद्यांत गेला. मग ज्या शीर्षात पैसे होते त्यातून कचराकुंड्या घेतल्या. हिरव्या आणि निळ्या. ओला कचरा, सुका कचरा. बिल ३१ तारखेच्या रात्री निघालं. पावसाळ्याच्या तोंडाशी एका गावात गेलो तर सरपंचांच्या ओसरीवर हिरवीत ज्वारी आणि निळीत हरभरा. चांगल्या घट्ट झाकणाच्या होत्या, उंदीर शिरत नव्हता. तेवढा एक खर्च तरी वाया गेला नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते.

२०१५ नंतर ग्रामपंचायतींचं जग बदललं. चौदाव्या वित्त आयोगाचे पैसे थेट ग्रामपंचायतीच्या खात्यात येऊ लागले. जिल्हा परिषदेला आणि पंचायत समितीला त्यातला छदामही नाही. (पंधराव्या आयोगात, २०२० पासून, पुन्हा दहा-दहा टक्के आमच्याकडे वळले.) ज्या गावाच्या किर्दीत वर्षाला घरपट्टीचे काही हजार दिसायचे तिथे लाखांचे आकडे आले. चेकवर सह्या दोन, सरपंचाची आणि ग्रामसेवकाची. म्हणजे ज्याच्याकडे तीन गावांचा कारभार, तो तीन गावांच्या लाखांचा जबाबदार. त्यातच शौचालयांची उद्दिष्टं, प्रत्येक शौचालयाचा फोटो, घरकुलाचे हप्ते, नमुना १ ते ३३ ची दप्तरं. काम तिप्पट, माणूस तोच.

माझ्या तालुक्यात तेव्हा दोन प्रकारचे ग्रामसेवक होते, जसे सगळीकडे असतात. एक प्रकार कामाचा. दुसऱ्या प्रकाराचं वर्णन नको. त्यांच्यातला कुणी संघटनेत होता, कुणाचा मामा पुढारी होता, कुणाला पाठदुखी होती. एका गावचा ग्रामसेवक निलंबित झाला आणि त्याच्या गावाचा कारभार कुणाला तरी द्यायचा होता. दुसऱ्या प्रकारातल्या एकाकडे एकच गाव होतं, तेही हजार-बाराशे वस्तीचं, आणि त्याची हद्द या गावाला लागून होती. आदेश त्याच्या नावाने निघायला हवा होता. पण मी ओळखून होतो: त्याला आदेश दिला की दोन फोन येतील, तो वैद्यकीय रजेवर जाईल आणि उद्दिष्टाचा तक्ता लाल दिसेल. कामाच्या माणसाकडे आधीच दोन गावं होती. तो कधी नाही म्हणाला नव्हता. मी त्याचं नाव लिहिलं. कारणात लिहिलं, ‘भौगोलिक सलगता’.

नकाशावर ती होतीच. दोन गावांमध्ये बोटभर अंतर, आणि त्या बोटाखाली नदी. (नदीचं नाव लिहिलं तर तालुका कळेल.) पावसाळ्यात तिच्यावरून जायला वाट नाही, फिरून जायचं तर तालुक्याला येऊन परत जायचं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. त्या नदीच्या काठावर मी पूर्वी पंचनामे केले आहेत. पण टिप्पणी लिहिताना नदी आडवी आली नाही.

तिसऱ्या गावाला तो आठवड्यातून एखादा दिवस जाऊ शकायचा. कार्यालयाच्या फळ्यावर त्याने वार लिहून ठेवला होता, आणि नेमका त्या वारी मीच बैठक लावायचो. पुढे पुढे फळ्यावर कुणीतरी खडूने लिहिलं, ‘आज मीटिंग’, आणि ते पुसायची गरज कुणाला पडली नाही. गावाचं काय झालं ते मला तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं. ग्रामसेवक हाच गावचा जन्म-मृत्यू निबंधक. एकवीस दिवसांत नोंद झाली तर बिनखर्चाची, मग विलंब शुल्क, वर्ष उलटलं तर पार वरच्या कार्यालयाचा आदेश. त्या गावातल्या काही मृत्यूंची नोंद वेळेत झाली नाही, त्यामुळे सातबाऱ्यावर वारस लागेनात, वारस लागेनात म्हणून बँक पीककर्ज देईना. रोजगार हमीचं काम मागायला नमुना ४ भरून द्यायचा तो ग्रामसेवकाकडे. त्याने पोच दिली की पंधरा दिवसांत काम मिळणं हा मजुराचा हक्क. रोजगार हमीचा कायदा सगळ्या देशाच्या आधी आपल्या महाराष्ट्राने केला, १९७७ मध्ये. पण अर्ज घ्यायला माणूसच नसेल तर पंधरा दिवस मोजायला सुरुवात कुठून होणार? माझ्या मासिक अहवालात मात्र त्या गावाची कामाची मागणी ‘निरंक’. जिल्ह्याला निरंक गेलं, तिथून पुढेही निरंकच गेलं असणार.

एवढ्यावर थांबलं असतं तर ही नेहमीची गोष्ट. निलंबित ग्रामसेवकाने दप्तर दिलं नव्हतं. पदभार देताना यादी करायची असते: किर्द, पासबुक, चेकबुक, मोजमाप पुस्तक म्हणजे एमबी, नमुना ८, शिक्के, कपाटाच्या चाव्या. दोघांच्या सह्या, आणि विस्तार अधिकाऱ्याच्या समक्ष. मी समक्ष नव्हतो. ‘एकतर्फी पदभार घ्यावा’ असा आदेश मीच तयार करून सहीला ठेवला. नव्या माणसाला मिळालं चेकबुक आणि शिक्का. आधीच्या काळात पेव्हर ब्लॉकचं काम झालेलं होतं, ठेकेदार बिलासाठी बसून होता, सरपंच रोज फोन करत होते, आणि खर्चाची टक्केवारी वाढवा म्हणून मी रोज फोन करत होतो. त्याने मला विचारलं, ‘साहेब, एमबी दिसत नाही. बिल कसं काढू?’ मी म्हणालो, ‘काम झालेलं दिसतंय ना? काढ. एमबी मागून येईल.’ बोलणं फोनवरचं. कागद कुठे नाही.

एमबी आलं नाही. स्थानिक निधी लेखापरीक्षणात तो परिच्छेद आला, अनुपालन मागवलं, अनुपालन देता आलं नाही. मग विभागीय चौकशी. जोडपत्र एक ते चार मीच तयार केली, कारण ते माझंच काम होतं. त्याने खुलासा दिला. बाकीच्यांचे खुलासे वकिलाकडून लिहून आणलेले असतात; याचा स्वतःच्या अक्षरात, मुद्देसूद, फक्त दीड पानाचा. त्यात त्याने लिहिलं होतं की दप्तर मिळालं नव्हतं, पदभार एकतर्फी घ्यायला लावला. फोनचं काहीच लिहिलं नव्हतं. माझं नाव कुठेही नव्हतं.

तो खुलासा माझ्याकडे अभिप्रायासाठी आला. एक ओळ लिहायची होती: पदभार यादीविना देण्यात आला हे खरं आहे. ती लिहिली असती तर पुढचा प्रश्न आला असता, यादी करून घ्यायची जबाबदारी कुणाची? माझ्या निवृत्तीला फार वर्षं राहिली नव्हती. चौकशी लागली की पेन्शनचे कागद अडकतात, हे मी दुसऱ्यांच्या बाबतीत रोज पाहत होतो. काहींचे तर अडकवलेही होते. मी लिहिलं, ‘खुलासा समाधानकारक नाही.’ कार्यालयात हे वाक्य इतक्यांदा लिहिलं जातं की त्याच्यासाठी वेगळा विचार करावा लागत नाही. पण त्या दिवशी मी केला होता. विचार करून लिहिलं.

त्याची एक वेतनवाढ कायमस्वरूपी रोखली आणि रकमेची हप्त्याने वसुली लागली. कायमस्वरूपी म्हणजे काय हे नोकरीत नसलेल्यांना कळत नाही: ती वाढ पुढच्या प्रत्येक पगारातून जाते, निवृत्तीपर्यंत दरमहा. त्यानंतर त्याने बदली मागितली नाही, कुणाशी भांडला नाही. एवढंच झालं की तो नाही म्हणायला शिकला. पुढच्या अतिरिक्त पदभाराच्या आदेशावर त्याने लेखी दिलं की यादीशिवाय घेणार नाही, आणि घेतला नाही. त्याच सुमाराला आमच्याकडच्या कामाच्या माणसांपैकी आणखी दोघा-तिघांना पाठदुखी सुरू झाली.

मार्च २०२२ मध्ये जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि प्रशासक आले. सभा नाही, स्थायी समिती नाही, ‘या गावाला ग्रामसेवक का नाही’ म्हणून आरडाओरडा करणारा सदस्यही नाही. ज्या सदस्यांचा मला नोकरीभर वैताग यायचा त्यांची त्या काळात आठवण आली, हे इथे सांगून टाकतो. त्यांच्यातले काही नुसती अडवणूक करायचे. पण नदीपलीकडच्या त्या गावासाठी सभेत उठून बोललेला एकमेव माणूस असाच एक अडवणूक करणारा सदस्य होता. त्याला उत्तर मीच लिहून दिलं होतं: ‘पर्यायी व्यवस्था करण्यात आलेली आहे.’

निवृत्तीनंतर माझी पेन्शन वेळेत सुरू झाली. मग एकदा मी त्या ग्रामसेवकाच्या घरी गेलो. सोबत एक कागद होता, माझ्या सहीचा: पदभार यादीविना देण्याचा आदेश माझ्या प्रस्तावावरून निघाला, बिल अदा करण्याची तोंडी सूचना मी दिली होती. शिस्त व अपील नियमांखाली विभागीय आयुक्तांकडे अपील करता येतं. मुदत टळून गेली होती, पण विलंब माफीचा अर्ज जोडता येतो, आणि माझा कागद हे नवं कारण होऊ शकत होतं. त्याच्या बायकोने चहा आणला. मी आहे म्हटल्यावर ती परत बाहेर आली नाही.

त्याने चष्मा लावून कागद वाचला, दोनदा वाचला. मी काय बोलायचं ते ठरवून गेलो होतो, पण त्याने वेळ दिला नाही.

‘तारीख चुकलीय साहेब,’ तो म्हणाला. ‘मी पदभार तीन तारखेला नाही घेतला. तीनला आदेश आला. घेतला सातला.’

मी खिशातून पेन काढलं.

‘नका, खाडाखोड नको. वर गेल्यावर शंका काढतात. पुन्हा टाइप करून आणा, आणि आदेशाचा जावक क्रमांक टाका त्यात. क्रमांक नसेल तर माझ्याकडे आहे, लिहून देतो.’